अबोल्याचा सराव

सुवर्णा आत्तीनं बर्फाच्या पाण्यात हात घातला आणि श्रुतिका लोंढे पोलीस भरतीत नापास झाली.

तसं पाहिलं तर नापास व्हायचं काही कारण नव्हतं. धावण्यात ती पहिल्या दहांत आली होती. गोळा तिनं असा फेकला होता की मोजायला उभा असलेला हवालदार दोन पावलं मागं सरला. लेखी परीक्षा उत्तम झाली होती, वैद्यकीय तपासणीत दात, डोळे, तळपाय, सगळं ठणठणीत निघालं होतं. आणि शेवटी, जिथं घाम गाळायचा नव्हता की काही आठवायचं नव्हतं, नुसतं खुर्चीत बसून समोर बघायचं होतं, तिथं गाडी अडली.

त्या शेवटच्या टप्प्याचं सरकारी नाव होतं समभाव चाचणी. भरतीची पोरं तिला नुसतं 'टोपी' म्हणत, कारण उमेदवाराच्या डोक्यावर तारांनी विणलेली एक सुती टोपी चढवली जाई. तशीच दुसरी टोपी समोर बसलेल्या माणसाच्या डोक्यावर.

टोपीमागचं शास्त्र नवं नव्हतं. दोन माणसं मनापासून एकमेकांकडे लक्ष देत असली, की त्यांच्या मेंदूंतल्या विद्युतलहरी हळूहळू एका तालात पडतात, हे शास्त्रज्ञांना बऱ्याच वर्षांपूर्वीच दिसलं होतं. आई आणि तान्हं मूल, एकत्र गाणारं भजनी मंडळ, जुने मित्र, सगळ्यांत हे होतं. आणि मायेच्या माणसाला दुखलं, की हा ताल एकदम घट्ट होतो. ज्याला दुखतं त्याचं मन आपल्या माणसाकडे धाव घेतं आणि बघणाऱ्याचं मन त्याच्याकडे. पूर्वी हे मोजायला खोलीभर यंत्रं लागायची, आता ती टोपीत मावली होती, एवढाच काय तो फरक.

चाचणी दोन भागांत होई. पहिल्यांदा समोर उमेदवाराचा 'आप्त' बसे, म्हणजे त्याचं सगळ्यात जवळचं माणूस. तो बर्फाच्या पाण्यात हात बुडवून बसे. अपाय काही होत नसे, पण कळ पार कोपरापर्यंत जाई. मग आप्ताच्या जागी एक परका माणूस येई आणि तोही तेच करी. दोन्ही वेळा दोघांच्या लहरी किती जुळल्या याचा आकडा यंत्र काढी. त्या दोन आकड्यांतलं अंतर बाराच्या आत असेल तर उमेदवार पास. आपल्या माणसाचं दुःख आणि परक्याचं दुःख ज्याला जवळपास सारखंच वाटतं, तोच खरा पोलीस, असा त्यामागचा विचार.

विचार वाईट नव्हता. एका जत्रेतल्या चेंगराचेंगरीत हाती एकच दोर असलेल्या शिपायानं, जवळ पडलेल्या दोन बायांना सोडून लांब अडकलेल्या आपल्या मेव्हण्याला आधी ओढून काढलं होतं. चौकशी समितीपुढे तो ढसाढसा रडला. "हात आपोआप तिकडं गेला, साहेब," एवढंच म्हणाला. समितीनं लिहिलं की कायदा शिकवता येतो, पण आपोआप जाणारा हात शिकवून वळत नाही. म्हणून मग मोजायचं ठरलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

श्रुतिकाचं अंतर एक्केचाळीस आलं. आत्ती कळवळली तशी ही खुर्चीतून अर्धी उठलीच होती. टोपीच्या तारा ताणल्या गेल्या म्हणून खाली बसली.

बाहेर आल्यावर आत्तीनं पदरानं हात पुसत विचारलं, "झाली गं पास? मी बरोबर केलं न्हवं सगळं?"

आत्ती म्हणजे श्रुतिकाच्या वडिलांची बहीण. विट्याकडची माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यासाठी देशभर पांगतात. श्रुतिकाचा बाप असाच कोइंबतूरला गेला आणि तिकडंच दुसरा संसार थाटून बसला. आई त्याच्याआधीच वारलेली. सासरहून परत आलेल्या सुवर्णा आत्तीचं विट्यात साड्यांना फॉल-पिको करायचं दुकान होतं आणि दुकानामागं एक खोली. त्या खोलीत ही पोर वाढली. एकदा एक जण पिऊन दुकानात घुसला, तेव्हा आलेल्या महिला पोलिसानं आवाजही न चढवता त्याला बाहेर काढलं होतं. आत्तीनं त्याच दिवशी ठरवलं की आपल्या पोरीच्या अंगावर वर्दी चढवायची. पहाटे श्रुतिका धावायची आणि आत्ती तोंडात शिट्टी धरून स्कूटीवरून मागं. सगळं विटं हसायचं.

पुढच्या वर्षी वयाची मर्यादा संपत होती. म्हणजे आणखी एकच भरती.

शहरातल्या ज्या अकॅडमीत श्रुतिका तयारी करत होती, तिथले बेडगे सर हे बारा भरत्या कोळून प्यायलेले गृहस्थ होते. धावणं, गोळा, लेखी, जे सरकार मागेल त्याचा ते सराव करून घेत. टोपी आली तेव्हा त्यांनी टोपीचाही सराव बसवला.

"हे बघ लोंढे," ते म्हणाले, "अंतर कमी करायच्या वाटा दोन. परक्याला आपलं मानायचं, ही एक. ती संतांची. आपल्याकडं वेळ कुठाय? परकं माणूस आपलं व्हायला जन्म जातो. आपलं माणूस परकं व्हायला आठ महिने पुष्कळ झाले."

"म्हणजे काय करू, सर?"

"अबोला धर. फोन नको, घरी जाणं नको, घरचं खाणं नको. मन सुटतं हळूहळू. पहिल्यांदा त्रास होतो, मग सवय लागते."

"आत्तीला सांगते तसं."

"तिथंच चुकतात पोरं! सांगून धरलेला अबोला म्हणजे रुसवा. रुसव्यानं माया कमी होते का कधी? उलट वाढते. तिला कळू द्यायचं नाही. तरच तुझं मन खरं सुटंल."

दुसरं माणूस चाचणीला न्यावं, ही सोय नव्हती. चारित्र्य पडताळणीला आलेला शिपाई गल्लीत दारं ठोठावून विचारी, हिचं सगळ्यात जवळचं कोण? गल्लीनं एका सुरात सुवर्णा आत्तीचं नाव घेतलं होतं. एकदा लागलेला आप्त लग्न होईपर्यंत बदलत नसे.

श्रुतिकानं त्या संध्याकाळी आत्तीला निरोप पाठवला की सरावातून वेळ मिळत नाही, फोन करू नकोस. उत्तरादाखल आत्तीनं शिलाई मशीनवर झोपलेल्या मांजराचा फोटो पाठवला. श्रुतिकानं तो खूप वेळ पाहिला आणि काही न लिहिता फोन उपडा ठेवला. मग हेच रोजचं झालं. फोटो आठवड्यातून एक येऊ लागला, पुढं महिन्यातून एक.

अकॅडमीत अशा पन्नासएक मुली होत्या आणि प्रत्येकीचा घराशी अबोला चालू होता. दिवाळीत डब्यांचा ढीग लागला. आत्तीनं खाऱ्या शंकरपाळ्या पाठवल्या होत्या, कारण श्रुतिकाला गोड आवडत नसे. घरचं खायचं नाही हा नियम आणि अन्न टाकायचं नाही हा संस्कार. तेव्हा प्रत्येकीनं आपला डबा दुसरीला दिला. त्या दिवाळीत सगळ्यांनी सगळ्यांच्या घरचं खाल्लं, स्वतःच्या घरचं सोडून. श्रुतिकानं कोणाची तरी करंजी खाल्ली आणि आपल्या शंकरपाळ्या कोण खातंय तिकडं बघितलं नाही.

एकमेकींचा आधार घ्यावा तर त्याचीही भीती. खोलीतली तमन्ना मुलाणी मोठी गमतीची मुलगी होती. एकदा तिनं बेडगे सरांची नक्कल अशी केली की दोघी हसून हसून भिंतीला टेकल्या. दुसऱ्या दिवशी तमन्नानं खोली बदलून घेतली. "राग मानू नको," ती दारात उभी राहून म्हणाली, "पण आपलं जमायला लागलंय गं. जवळचं माणूस करायची सवयच मोडायची म्हणतात सर." त्यानंतर समोरची कॉट रिकामीच राहिली. श्रुतिका स्वतःशी मोठ्यानं बोलू लागली आहे, हे तिला बऱ्याच दिवसांनी कळलं.

उन्हाळ्याच्या तोंडाला एका दुपारी आत्ती अकॅडमीच्या फाटकाशी येऊन उभी राहिली. श्रुतिका बाहेर आली. आता मिठी मारावी असं वाटत असताना तिनं हात पाठीमागं धरले.

"कशाला आलीस?"

"बघायला. बरी हायस का आजारी, काय कळंना." आत्तीनं तिला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. "काय चुकलं का माझं?"

"काही नाही. सराव आहे, जाते मी."

"श्रुते, तुझा बाप गेला तवा एवढं तरी सांगून गेला, की परत येत न्हाई म्हणून."

श्रुतिका वळली आणि मैदानाकडे चालायला लागली. मागं वळून बघायचं नाही, एवढं एकच तिनं मनात धरलं होतं. पाण्याच्या टाकीमागं गेल्यावर मात्र तिचा बांध फुटला. बेडगे सर तिथून जात होते. ते थांबले आणि म्हणाले, "रडायला येतंय म्हणजे अजून काम बाकी आहे." तिला त्यांचा गळा धरावासा वाटला. त्यानंतर आत्तीकडून काहीच आलं नाही, मांजराचा फोटोसुद्धा नाही.

भरती आली. धावणं, गोळा, लेखी, सगळं पुन्हा नीट झालं आणि टोपीचा दिवस उजाडला.

खोली तीच, टेबल तेच, यंत्रावर बसलेल्या केंजळे मॅडमही त्याच. आत्तीला खात्यानं आणून समोर बसवलं. ती वाळली होती. चष्मा नवा होता. तिनं श्रुतिकाकडे बघून मान हलवली, ओळखीच्या माणसाकडे बघून हलवावी तशी. आप्त आला नाही तर उमेदवार बाद होतो, असं खात्याच्या पत्रात होतं, म्हणून ती आली होती.

आत्तीनं पाण्यात हात घातला. तिचे ओठ मिटले, कपाळावर आठी आली. आणि श्रुतिकाच्या कोपरापर्यंत कळ गेली, थेट मागच्या वर्षीसारखी. आठ महिन्यांचा अबोला, दिवाळी, ती फाटकातली दुपार, सगळं फुकट गेलं होतं. तिची माया तसूभरही हलली नव्हती. आपण नापास झालो हे तिला लख्ख कळलं, आणि आश्चर्य म्हणजे तिला सुटल्यासारखं वाटलं. झालं गेलं सांगून टाकू, पाया पडू, आत्तीबरोबर आजच विट्याला जाऊ, असं तिनं त्या खुर्चीतच ठरवलं. आत्ती भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती.

मग परका माणूस आला, त्यानंही हात बुडवला आणि गेला. केंजळे मॅडमनी आकडा वाचला.

"अंतर चार. पास. अभिनंदन."

"यंत्र बिघडलंय का, मॅडम?"

मॅडम हसल्या. "हे नापास झालेले विचारतात. पास झालेलं कोणी विचारलं नव्हतं अजून."

"पण मला तेवढंच दुखलं. मागच्या वेळेइतकंच. मला माहीत आहे ना."

मॅडमनी क्षणभर तिच्याकडे बघितलं आणि पडदा तिच्या बाजूला वळवला. "ही तुमची रेघ. मागच्या वर्षीची हिच्यावर ठेवली तर वेगळी ओळखू येणार नाही. तुमच्यात काही बदललेलं नाही. ही तुमच्या आत्याबाईंची. गेल्या वर्षी कळ आल्याबरोबर ही तुमच्याकडे धावली होती. आज कळ आली, पण रेघ कुठंच गेली नाही. यंत्र एकाची माया मोजत नाही हो, दोघांचा ताल मोजतं. तो एकानं सोडला तरी तुटतोच."

सगळ्या अकॅडमीनं, बेडगे सरांसकट, फक्त खुर्चीच्या एका बाजूचा विचार केला होता. अबोला धरणाऱ्याचं मन कधी सुटतं याची सगळे वाट बघत बसले होते. समोरच्याचंही मन असतं, हे कोणाच्या गावीही नव्हतं.

श्रुतिका धावत स्टँडवर गेली. विट्याची गाडी लागलेली होती. एसटीला आता चालक नसे, कंडक्टर मात्र होता, कारण प्रवाशांना भांडायला कोणीतरी लागतंच. आत्ती बाकावर पिशवी मांडीत घेऊन बसली होती. श्रुतिकानं तिच्यापुढं बसकण मारली आणि सगळं एका दमात सांगितलं. अबोला, सर, शंकरपाळ्या, टाकीमागचं रडणं.

"ठाऊक हाय मला," आत्ती म्हणाली. "पेपरात आलं होतं, पोरं असं करत्यात म्हणून. उन्हाळ्यात वाचलं."

"मग तुझा राग गेला असेल ना?"

"गेला की. वाचलं तसा गेला. पण त्याच्याबरोबर बाकीचं बी गेलं बघ. तुझी वाट बघायची सवय मोडताना लई त्रास झाला मला. आता ती मोडलीया." ती हे रागानं बोलत नव्हती. म्हणूनच श्रुतिकाला ते सहन होईना.

"मी नोकरीच घेत नाही. आत्ताच तुझ्याबरोबर येते."

"आणि गेलं वर्ष मग कशात गेलं आपलं? नोकरी घे. दोनदा हात घातलाय मी बर्फात त्या नोकरीपायी." आत्ती उठली. "पण मला परत जोडून घेऊ नगंस. दरवर्षी टोपी घालत्यात म्हणं तुम्हाला. पुढच्या वर्षी परत तोडशील. मला न्हाई जमायचं सारखं सारखं."

गाडी निघून गेली. श्रुतिका बाकावर बसून राहिली. कोणीतरी येऊन इथं बसू का म्हणून विचारलं, तशी ती बाजूला सरकली.

तिनं नोकरी घेतली. पोलीस म्हणून ती चांगली निघाली, त्यात वाद नाही. शहर पोलिसांचं तेव्हा फार कौतुक होत होतं. वशिला चालत नाही, नातंगोतं चालत नाही, मंत्र्याच्या पोराला आणि भाजीवाल्याच्या पोराला एकच वागणूक. लोक म्हणायचे, असे पोलीस कधी बघितले नव्हते. खरंच होतं ते. हे पोलीस संध्याकाळी कुठं जातात, हे मात्र कोणी विचारत नव्हतं. पोलीस कँटीनमध्ये सगळे एकेका टेबलावर बसून जेवत. कोणी कोणाच्या डब्यात हात घालत नसे. लग्नं चाचणी झाल्यावर ठरत आणि पुढची चाचणी जवळ आली की नवरा-बायको वेगळ्या खोल्यांत राहत. श्रुतिकाला एक नीटनेटकं क्वार्टर मिळालं होतं. तिथं ती रोज एका माणसापुरता भात लावायची आणि रेडिओ चालू ठेवायची, आवाज असावा म्हणून.

महिन्यातून एका सुट्टीला ती विट्याला जाई, पिशवीत एक नवी साडी घेऊन. वर्दीतल्या बाईला इतक्या साड्या कशाला लागतात, हे आत्तीनं कधी विचारलं नाही.

"फॉल लावायचाय. पिको पण."

"गुरुवारी मिळंल."

गिऱ्हाइकांसाठी एक बाक होता, त्यावर श्रुतिका बसे. आत्ती तिला पाण्याचा तांब्या देई, तो सगळ्याच गिऱ्हाइकांना देई. मशीन चालू राही. तासाभरानं श्रुतिका उठे आणि "येते" म्हणे, आत्ती "या" म्हणे. गुरुवारी साडी पार्सलनं येई. घडी मोडायला तिचं मन होत नसे. कपाटाचा एक कप्पा भरला, मग दुसरा भरायला लागला.

वर्षाची चाचणी आली. आत्तीनं येऊन पाण्यात हात बुडवला आणि घड्याळाकडे बघितलं. अंतर चार, पास. बाकीचे पास झाले की सुटकेचा श्वास टाकत. श्रुतिकाला मात्र तो आकडा तोंडात मारल्यासारखा वाटला. ती नोकरीत राहिली होती, कारण आत्ती अजून तिची नव्हती.

मग पुढच्या वर्षी, श्रावणाच्या सुमारास, ती नेहमीसारखी बाकावर बसलेली असताना आत्ती मशीनवरून मान वर न करता म्हणाली, "बारीक झालीस."

आपण बोललो तर ते उडून जाईल असं श्रुतिकाला वाटलं. मशीन पुन्हा चालू झालं. त्या दिवशी ती तासाऐवजी दोन तास बसली आणि आत्तीनं तिला "या" म्हटलं नाही, "जा सांभाळून" म्हटलं.

त्या वर्षीच्या चाचणीला आत्तीनं पाण्यात हात घातला तेव्हा घड्याळाकडे बघितलं, टेबलाकडे बघितलं आणि मग, अगदी शेवटी शेवटी, एकदाच श्रुतिकाकडे. लगेच नजर काढून घेतली.

आत्ती बाहेर गेली, परका माणूस येऊन गेला. केंजळे मॅडम पडद्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिल्या.

"सात," त्या म्हणाल्या. "पास आहात. पण लोंढे, सावध करते. चढायला लागलं की असं चढतच जातं. एक-दोन वर्षांत बारापर्यंत गेलात तर वर्दी उतरवावी लागेल. अकॅडम्यांत उजळणीचे वर्ग असतात, नाव घालून ठेवा."

"सात नक्की ना, मॅडम?"

"हो."

"परत एकदा बघता का?"

मॅडमनी परत बघितलं. सातच होते. श्रुतिकानं टोपी काढून टेबलावर ठेवली. इतका आनंद तिला भरतीच्या यादीत नाव लागलं तेव्हाही झाला नव्हता. आणखी पाच वाढले की नोकरी जाणार होती, आणि आता त्या पाचांसाठी ती किती वर्षंही थांबायला तयार होती.

आत्ती बाहेरच्या बाकावर पदरात हात गुंडाळून बसली होती.

"काय झालं?"

"पास."

"बरं."

श्रुतिका धीर करून म्हणाली, "चहा घ्यायचा?"

आत्तीनं रस्त्याकडे बघितलं. "गाडी हाय माझी," ती म्हणाली आणि पिशवी उचलून उभी राहिली. दोन पावलं गेली, थांबली.

"घेऊ," ती म्हणाली. "पर अर्धाच."

समोरच्या टपरीवर जाऊन श्रुतिकानं एक चहा दोनात सांगितला.